कुकरचं झाकण गोल का नसतं?

आत्ता लगेच स्वयंपाकघरात जा. कुकर गॅसवर चढलेला असेल तर थांबा, वरण-भात होऊ द्या. पण तो धुऊन ओट्यावर पालथा घातलेला असेल, तर त्याचं झाकण हातात घ्या. कुकरची झाकणं दोन तऱ्हांची असतात. एक भांड्यावर बाहेरून बसतं आणि फिरवून घट्ट होतं. दुसरं भांड्याच्या आत शिरतं आणि आतून वर येऊन तोंडाला चिकटतं. आपल्याला आज हवंय ते दुसरं. तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या काकूंकडे मागा. कशाला हवंय तेही सांगा, म्हणजे त्याही बघायला येतील!

आता पट्टी घ्या आणि झाकण मोजा. एकदा उभं, एकदा आडवं. दोन मापं सारखी येणार नाहीत. लांबून गोल दिसणारं हे झाकण खरं म्हणजे किंचित लांबट आहे. भांड्याचं तोंड मोजा. तेही लांबटच! आणि खरी गंमत पुढे आहे. झाकणाची लांबी तोंडाच्या लांबीपेक्षा जास्त, झाकणाची रुंदी तोंडाच्या रुंदीपेक्षा जास्त. म्हणजे झाकण सगळीकडून तोंडापेक्षा मोठं. मग ते आत गेलंच कसं?

पुठ्ठ्यावर करून बघू. एका जाड पुठ्ठ्याला ८ सेंटीमीटर व्यासाचं गोल भोक पाडा. दुसऱ्या पुठ्ठ्याची ९ सेंटीमीटर व्यासाची गोल चकती कापा. आता ती चकती भोकातून आरपार घालून दाखवा. सरळ धरा, तिरपी धरा, उभी करून सरकवा. ती जाणार नाही. कारण गोल चकती कुठूनही मोजली तरी ९ सेंटीमीटरच भरते आणि भोक कुठूनही मोजलं तरी ८.

आता दुसरा प्रयोग. यावेळी भोक लांबट पाडा, ८ सेंटीमीटर लांब आणि साडेसहा रुंद. चकतीही लांबट कापा, ९ लांब आणि साडेसात रुंद. चकती भोकावर आडवी ठेवलीत तर ती चारी बाजूंनी टेकते, आत पडत नाही. पण तीच चकती उभी करा, तिची अरुंद बाजू भोकाच्या लांब बाजूच्या रेषेत आणा आणि सरकवा. साडेसात सेंटीमीटरची बाजू आठ सेंटीमीटरच्या जागेतून अलगद आत जाते. आत गेली की चकती फिरवून सरळ करा आणि वर ओढा. बसली घट्ट! आई रोज सकाळी कुकर लावताना मनगटाला जो एक झटका देते ना, तो हाच.

याच्या बरोब्बर उलट काम रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या झाकणाचं असतं. ते चुकूनही आत पडता कामा नये, नाहीतर खाली काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात जायचं. चौकोनी झाकण तिरपं केलं तर कर्णाच्या बाजूनं आत घसरू शकतं. गोल झाकण घसरत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी ती झाकणं गोल केलेली दिसतात. एका झाकणाला आत जायचंय म्हणून ते गोल नाही, आणि दुसऱ्याला आत जायचं नाही म्हणून ते गोल आहे. मला तर भूमितीच्या पुस्तकातल्या कुठल्याही प्रमेयापेक्षा ही जोडी जास्त आवडते.

आता मुख्य प्रश्न. इतका खटाटोप कशाला? झाकण वरून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

हिशेब करू या. कुकरच्या तोंडाची रुंदी अंदाजे २० सेंटीमीटर धरा. म्हणजे झाकणाचं क्षेत्रफळ झालं सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर. कुकर शिट्टी द्यायच्या बेतात आला की आतली वाफ बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो वजनाइतका जास्त दाब देते. म्हणजे झाकणाला आतून मिळणारा रेटा झाला ३१४ किलोंचा. चार-पाच मोठी माणसं झाकणावर उभी राहिली तर जेवढा भार पडेल, तेवढ्या जोरानं वाफ ते झाकण उडवू पाहत असते!

बाहेरून बसणाऱ्या झाकणाला हा सगळा रेटा आपल्या कडेच्या खाचांनी धरून ठेवावा लागतो. आतून बसणाऱ्या झाकणानं मात्र वाफेलाच कामाला लावलं आहे. वाफ जितकी जोरात ढकलेल, तितकं ते तोंडावर जास्त घट्ट बसतं. मधली रबरी रिंग दाबली जाते, फटी बुजतात. आत वाफ आहे तोवर कुणी कितीही जोर लावला तरी ते उघडणार नाही, कारण उघडायचं तर झाकण आधी खाली, म्हणजे वाफेच्या विरुद्ध ढकलावं लागेल. कुलूप नाही, किल्ली नाही. ज्याच्यापासून धोका, त्यालाच राखणीला बसवलंय.

पुष्कळशा प्रवासी विमानांचे दरवाजेही याच तत्त्वावर बसतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा अगदी विरळ असते आणि आतल्या हवेचा दाब जास्त. दरवाजा आतून चौकटीवर दाबून बसतो आणि आतली हवाच तो पक्का धरून ठेवते. विमान उंचावर असताना एखाद्या घाबरलेल्या प्रवाशानं दरवाजा उघडायचा प्रयत्न केला तरी त्याच्या हातात तेवढं बळच नसतं.

वाफ कोंडून शिजवण्याची कल्पना चांगली साडेतीनशे वर्षांची आहे. दनी पापँ नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. तो लंडनला राहत असताना १६७९ मध्ये त्यानं एक जाडजूड लोखंडी भांडं तयार केलं, घट्ट बसणाऱ्या झाकणाचं. त्यात त्यानं काय शिजवलं असेल? हाडं! कडक हाडं त्यात मऊ पडत. १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना त्यानं आपल्या भांड्यातलं जेवण वाढलं आणि त्यांनी ते आवडीनं खाल्लंही. पण पापँची खरी हुशारी त्या भांड्यावरच्या एका लहानशा जोडणीत होती. वाफ फार झाली तर भांडं फुटेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं झाकणाला एक भोक ठेवलं आणि वर वजन टांगलेली एक दांडी दाबून बसवली. वाफ ठरावीक जोराच्या पुढे गेली की दांडी उचलली जायची आणि जास्तीची वाफ निघून जायची.

ती दांडी आजही तुमच्या घरात आहे. आता आपण तिला शिट्टी म्हणतो.

शिट्टी उचलून हातात घ्या (कुकर थंड आहे ना, पुन्हा एकदा बघा). छोटीशी दिसते, पण आकाराच्या मानानं जड लागते. तिच्या खालच्या नळीचं भोक बघा, किती बारीक आहे! समजा ते ३ मिलिमीटरचं आहे. त्याचं क्षेत्रफळ भरतं ०.०७ चौरस सेंटीमीटर. वाफेचा दाब तोच, चौरस सेंटीमीटरला १ किलो. पण एवढ्याशा भोकावर तो पडतो फक्त ७० ग्रॅम. म्हणून ७० ग्रॅमची शिट्टी आख्ख्या कुकरमधल्या वाफेला दाबून धरू शकते, आणि दाब जरा वाढला की स्वतःच उचलली जाऊन फुस्स करून जास्तीची वाफ सोडून देते. किती दाब ठेवायचा हे ठरवलंय कुणी? त्या शिट्टीच्या वजनानं आणि त्या भोकाच्या मापानं.

दाब ठरला की तापमानही ठरतं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि मग तुम्ही जाळ कितीही वाढवा, ते १०० च्या वर जात नाही, नुसती वाफ जास्त होते. कुकरमध्ये दाब जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून पाणी उकळायला १२० अंश लागतात. ते वरचे २० अंश म्हणजेच तुरीच्या डाळीचा वाचलेला वेळ. उंच डोंगरावर याच्या उलट होतं. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळायला लागतं. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांना उकळतं आणि लडाखमधल्या लेहला तर ८८ च्या आसपास. लेहमध्ये उघड्या पातेल्यात राजमा शिजवायचा म्हणजे दिवस जायचा. तिथे कुकर नसेल तर पाहुण्यांनी आदल्या दिवशीच कळवलेलं बरं!

आणि हो, पहिली शिट्टी झाली की आजी गॅस बारीक करायला सांगते, ते अगदी बरोबर आहे. एकदा शिट्टी उचलली गेली की आतलं तापमान तिथेच थांबतं. जाळ मोठा ठेवला तर शिट्ट्या पटापट होतात, डाळ काही पटापट शिजत नाही.

पण शिट्टीच्या भोकात डाळीचं साल अडकलं तर? त्याचाही विचार कुणीतरी करून ठेवलाय. झाकणावर आणखी एक लहानसं बटण दिसेल, तो सेफ्टी व्हॉल्व्ह. पुष्कळ कुकरांत त्याच्या पोटात कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा एक ठिपका असतो. कुकर वाजवीपेक्षा जास्त तापला की तो ठिपका वितळतो, वाट मोकळी होते आणि वाफ निघून जाते. मग दुकानातून नवा व्हॉल्व्ह आणून बसवायचा. वितळून जाणं हेच त्या ठिपक्याचं काम. बाकी सगळे भाग टिकावेत म्हणून कारखान्यात मेहनत घेतात, आणि हा एक भाग वेळेवर बिघडावा म्हणून!

कुकर बाजूला ठेवा. आता पोळपाट.

पोळपाट उलटा करा आणि पाय मोजा. तीन! टेबलाला चार, खुर्चीला चार, मग पोळपाटालाच तीन का? लाकूड वाचवायला? नाही. चार पायांचं काहीही जरा उंचसखल जागी ठेवा, ते डुगडुगतं, कारण चौथा पाय हवेत राहतो. तीन पाय मात्र कुठेही ठेवले तरी तिन्ही टेकतात. कुठलेही तीन बिंदू घ्या, त्यांतून एक सपाट पातळी जातेच, चौथा बिंदू त्याच पातळीत असेल याची खात्री नाही. पूर्वी शेणानं सारवलेली जमीन असायची, कुठे उंच कुठे सखल. त्यावर लाटणं फिरवताना पोळपाट हलला तर पोळीचा नकाशा होणार. चुलीसाठी मांडलेले तीन दगड, कॅमेऱ्याची तिवई, सगळ्यांनी हाच हिशेब धरलाय.

स्टीलची वाटी उचला. तिची कड बोटानं चाचपून बघा. पत्रा बाहेर वळवलेला आहे. त्यानं ओठ कापत नाहीत हे तर झालंच, शिवाय पातळ पत्रा त्या एका वळणानं ताठ होतो. खात्री करायची तर कागदी कप दाबून बघा. वरची गुंडाळलेली कड आहे तोवर तो तग धरतो. कात्रीनं ती कड कापून टाका आणि मग दाबा, लगेच चपटा!

आता माझ्या आवडीची वस्तू, विळी. हल्ली पुष्कळ घरांत ती माळ्यावर गेली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती परत खाली आणायचं काम मोठ्यांनाच करू द्या, पातं धारदार असतं. तुम्ही समोर बसून बघा.

सुरीनं चिरताना भाजी स्थिर असते आणि पातं हलतं. एक हात सुरीत अडकलेला, दुसरा भाजी धरायला. विळीनं हे सगळं उलटवून टाकलं. पातं स्थिर, भाजी हलते. विळीचा पाट एका पायाखाली दाबून धरला की दोन्ही हात मोकळे. पालेभाजीची आख्खी जुडी दोन हातांत धरून पुढे ढकलायची आणि चर्र चर्र बारीक चिरत जायचं. लाल भोपळा असो की फणस, दोन हातांनी धरता येतो आणि अंगाचा सगळा जोर लावता येतो. चिरलेलं थेट समोरच्या ताटात पडतं. घरात विळी हाताळणारी एखादी आत्या असेल तर तिचा वेग बघा. बोलता बोलता, टीव्हीकडे बघत ती गवार निवडल्यासारखी सहज चिरते.

पातं सरळ नसून वाकलेलं का, ते नीट बघा. टोमॅटोवर सुरी नुसती दाबली तर टोमॅटो चेमटतो. तीच सुरी दाबता दाबता पुढे ओढली तर साल अलगद कापली जाते. धार नुसती दाबण्यापेक्षा घसरवली की फार कमी जोरात कापते. कागदाच्या कडेनं बोट कापतं ते याचमुळे. कागद बोटावर दाबला तर काही होत नाही, सर्रकन घसरला की रक्त! विळीच्या बाकदार पात्यावर भाजी सरळ पुढे ढकलली तरी वाकामुळे ती धारेवरून आपोआप घसरत जाते. चिरणाऱ्याला वेगळं ओढावं लागत नाही, ते काम पात्याच्या आकारानं करून टाकलंय.

आणि त्या पात्याच्या टोकाला दातेरी चकती! नारळाची वाटी त्यावर गोल गोल फिरवली की खोबऱ्याचा कीस खाली. वाटी आतून गोल असते, म्हणून खवणीही गोल. कोकणात आणि गोव्यात जिथे रोजच्या जेवणात ओलं खोबरं, तिथे चिरायला एक आणि खवायला एक अशी दोन अवजारं कशाला ठेवायची? एकाच पाटावर दोन्ही. घडी घालून ठेवायच्या विळ्याही मिळतात, पातं पाटावर आडवं निजवता येतं, म्हणजे कुणाच्या पायाला लागत नाही.

विळी कुणी शोधली? नाव सांगता येत नाही. कुण्या एकानं शोधलेलीच नाही ती. एकीला पातं फार सरळ वाटलं, तिनं लोहाराला थोडं वाकवायला सांगितलं. दुसरीला पाट घसरायचा, तिनं सुताराकडून रुंद करून घेतला. असं शेकडो वर्षं चाललं असणार.

हीच गोष्ट एका परदेशी जोडप्याला फार भावली होती, पण विळीबद्दल नाही, तांब्याबद्दल. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतले नावाजलेले डिझायनर. त्यांनी केलेल्या खुर्च्या जगभर गाजल्या. भारत सरकारनं त्यांना बोलावलं, देशभर फिरून बघा आणि इथे डिझाइनचं शिक्षण कसं असावं ते सांगा म्हणून. १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. त्यात त्यांनी भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये सर्वांत सुंदर कुठली म्हटली असेल? महालातलं सिंहासन नाही, पैठणी नाही. आपला साधा लोटा, तांब्या!

ते दोघं नुसतं सुंदर म्हणून थांबले नाहीत. आज कुणी लोटा नव्यानं बनवायला बसलं तर त्याला काय काय विचार करावा लागेल, याची त्यांनी भलीमोठी यादी केली. किती पाणी आणायचंय? कुणाच्या हातानं, लहान की मोठ्या? डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात? रिकामा असताना तोल कसा राहील आणि भरल्यावर कसा? ओतताना धार कशी पडेल? आतून घासता येईल का? किंमत काय? डोळे मिटून हात लावला तर कसा वाटेल? दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येईल? एका माणसाला बसल्या जागी हे सगळं सुचणं कठीण, पिढ्यान्‌पिढ्या वापरता वापरताच असा आकार घडतो, असं त्यांचं म्हणणं. त्या अहवालातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आज तिथे मुलंमुली वस्तू घडवायला शिकतात.

घरात तांब्या असेल तर त्यांची यादी तुम्ही स्वतः तपासा. पोट फुगीर, म्हणून पाणी जास्त मावतं आणि वजन खाली राहतं, तांब्या कलंडत नाही. गळा अरुंद, म्हणून चालताना पाणी हिंदकळून बाहेर येत नाही. गळ्याशी चार बोटं आणि अंगठा बरोबर बसतात, कड बाहेर वळलेली, त्यामुळे ओल्या हातातूनही तो निसटत नाही. विहिरीत सोडायचा तर दोरीचा फास त्या गळ्यालाच घालायचा, कडेमुळे फास वर सरकत नाही. पण गळा इतकाही अरुंद नाही की घासायला हात जाणार नाही. आणि कडेवरून धार अशी सुटते की पाणी भांड्याच्या अंगावरून ओघळत नाही. बहुतेक वेळा तरी!

तांब्याचा धातूही कामाचा. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जुलाब करणारे जंतू मुद्दाम पाण्यात सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. नंतर तपासलं तर ते जंतू जिवंत सापडले नाहीत. मात्र तांब्याच्या भांड्यात ताक, लिंबाचं सरबत, चिंचेची आमटी ठेवायची नाही. आंबट पदार्थांत तांबं विरघळतं आणि ते पोटाला बाधतं. यावरही उपाय निघालाच, कल्हई. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून आतला भाग स्वच्छ करतो आणि कथलाचा तुकडा टेकवून कापसानं भराभर पुसत नेतो. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून रस्त्याकडेच्या भात्यावरही हे काम होतं. क्षणात काळंमिट्ट पातेलं आतून चांदीसारखं लखलखतं. कल्हईवाला कुठे बसलेला दिसला तर गृहपाठ जरा उशिरा करा, पण ते बघून या.

आईच्या बांगडीला एखादी सेफ्टी पिन अडकवलेली असते. तिच्याकडे बघा. सगळी मिळून एकच तार! न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट नावाच्या माणसाला १५ डॉलरचं देणं होतं, असं सांगतात. काय करावं या विचारात तो हातातली तार वाकवत बसला. तारेला मध्ये एक पूर्ण वेढा पडला आणि त्याच्या लक्षात आलं की दोन टोकं जवळ दाबली की तो वेढा त्यांना पुन्हा दूर लोटतो. स्प्रिंग तयार झाली. मग एका टोकाला टोपी केली, टोचरं टोक त्यात लपवलं. स्प्रिंग टोकाला बाहेर ढकलत राहते आणि त्या ढकलण्यामुळेच ते टोपीत अडकून राहतं. म्हणजे इथेही कुकरच्या झाकणाचीच चलाखी, नाही का? १० एप्रिल १८४९ ला त्याला पेटंट मिळालं आणि त्यानं ते ४०० डॉलरला विकून टाकलं. त्यानंतर विकत घेणाऱ्यांनी किती पिना विकल्या असतील! आता याच पिनेनं साडीच्या निऱ्या सावरतात, बिल्ला लागतो आणि परकराची नाडीही ओवतात.

आता दप्तर उघडा आणि बॉलपेनाचं टोपण काढा. पुष्कळ टोपणांना टोकाशी एक भोक असतं. ते शाई वाळावी म्हणून नाही. लहान मुलं टोपण चघळतात आणि कधी ते गिळलं जाऊन श्वासनलिकेत अडकतं. भोक असेल तर डॉक्टरकडे पोचेपर्यंत त्यातून थोडी हवा जात राहते. तरी चघळायचं नाहीच हं!

शेवटी माठ. फ्रिज घरोघरी आले तरी उन्हाळ्यात माठ येतोच. मातीला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं आणि वाळतं. वाळताना पाण्याला उष्णता लागते, ती ते माठातल्या पाण्याकडून घेतं. १ ग्रॅम पाणी वाळायला साधारण ५८० कॅलरी लागतात. त्यामुळे १० लिटर पाणी १० अंशांनी थंड करायला, कागदावरच्या हिशेबानं, पावणेदोनशे ग्रॅम पाणी वाळलं तरी पुरे. बाहेरची गरम हवा सारखी आत उष्णता ढकलत असते, म्हणून प्रत्यक्षात जास्त लागतं. छिद्रं बुजली की माठ थंड करेनासा होतो, म्हणून दर उन्हाळ्यात नवा माठ.

या जुन्या युक्तीवर अलीकडच्या काळात दोघांनी नवी कामं केली. गुजरातमधल्या वांकानेरचे कुंभार मनसुखभाई प्रजापती यांनी मातीचा फ्रिज केला. वरच्या टाकीत पाणी, खाली कप्प्यांत भाजी आणि दूध, विजेची गरजच नाही. २००१ च्या भूकंपानंतर वर्तमानपत्रात फुटलेल्या माठाचा फोटो छापून आला होता, खाली लिहिलं होतं की गरिबाचा फ्रिज फुटला. मनसुखभाईंनी ते वाचलं आणि ठरवलं, खराच फ्रिज करू या. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकानं मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवलं, मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि वर ओलं फडकं टाकलं. त्याच्या प्रयोगात तीन दिवसांत खराब होणारी वांगी २७ दिवस टिकली. तिथल्या शेतकऱ्यांना पडेल भावात माल विकायची घाई राहिली नाही, आणि रोज बाजारात माल घेऊन जाणाऱ्या मुलींना शाळेसाठी वेळ मिळू लागला.

आता एक प्रयोग दोन गावांत मिळून करायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापी मागून घ्या (तापात काखेत लावायचा नको). एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही सावलीत, जरा वारा लागेल असे टांगा आणि वीस मिनिटांनी आकडे लिहा. ओल्या तापमापीवरचा आकडा म्हणजे माठ जास्तीत जास्त किती थंड करू शकेल त्याची सीमा. मे महिन्यात नागपुरात हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला तापमापी साधारण २४ दाखवेल, तब्बल १८ अंशांचा फरक. त्याच दिवशी मुंबईत हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओला तापमापी २८ च्या आसपास थांबेल, फरक जेमतेम ५. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की नवं पाणी वाळायला वावच कमी. तुम्ही विदर्भात असाल तर मुंबईच्या मामेबहिणीला फोन करा, मुंबईत असाल तर अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या कुणाला तरी. दोघांचे आकडे एका वहीत लिहा. आणि वही जुलैपर्यंत जपून ठेवा, कारण पाऊस सुरू झाला की नागपूरचा फरकही झपकन खाली येतो. किती येतो, ते मोजूनच सांगा.